जुन्या गाडीचा हीटर गार का पडतो?



ऊस विकास विभागातर्फे या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा याविषयी लिहिले जाते. पुढील अंकापासून तेच चालू राहील. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आमच्या विभागाचे लोक वस्त्या-वस्त्यांवर जातात. उसाची चौकशी झाली, चहा झाला, की बोलणे हमखास दारातल्या गाडीवर येते. "साहेब, घाटात काच धुरकटतीया, म्होरचं काय दिसत न्हाई. हीटर लावला तर गार वाराच येतोय. काय करावं?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा ऐकू आला, की एकदा सविस्तर उत्तर छापून टाकलेले बरे असे वाटले.

कोल्हापूर जिल्ह्यात हीटर कशाला पाहिजे, असे कोणीही विचारील. थंडीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर आला तरी आपण स्वेटर-मफलरवर भागवतो. ते खरे आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये कोडोलीहून पन्हाळ्याला किंवा जोतिबाच्या डोंगरावर चढावे, नाहीतर रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरावा, म्हणजे हीटर कशाला असतो ते कळते. बाहेर धुके, वरून पाऊस, आत पाच माणसांचे श्वास आणि ओले कपडे. पुढची काच आतून अशी दुधाळ होते की एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडके, असा प्रवास चालतो. समोरून एसटी आली तर ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. ही चैनीची बाब नाही.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. हीटरमध्ये येणारी ऊब ही इंजिनाच्या पाण्याची ऊब असते. हीटर गार पडला म्हणजे पुष्कळ वेळा इंजिनाच्या पाण्यातच काही तरी बिनसलेले असते. तेच पाणी, तोच पंप आणि तोच वॉल्व्ह इंजिनाचा जीव राखत असतो. तेव्हा हीटरच्या तक्रारीकडे काणाडोळा करणे म्हणजे पिकाची पाने पिवळी पडली तरी मुळी न उकरता पुढे जाणे होय.

ऊब येते कुठून?

ज्यांनी नदीवर किंवा विहिरीवर ऑईल इंजिन चालवले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पंपाच्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून बाहेर सोडलेली असे. आत जाताना गार असलेले पाणी बाहेर येताना कोमट-कढत असे, आणि थंडीच्या दिवसांत रात्रपाळीचे पाणी पाजणारे त्यावर हातपाय धूत, कोणी आंघोळही उरकत. गाडीचा हीटर म्हणजे हीच गोष्ट. फरक इतकाच, की गाडीतले पाणी बाहेर सोडून देत नाहीत, तेच ते पुन्हा फिरवतात.

इंजिनात जे डिझेल किंवा पेट्रोल जळते त्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकाला मिळतो. सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. ही मुरलेली उष्णता पाणी उचलते व पुढच्या रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडते. त्याच पाण्याची एक फांदी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागे जाते. तिथे एक छोटा, हातात मावेल एवढा रेडिएटर बसवलेला असतो. त्याला आपण या लेखात हीटरची जाळी म्हणू. त्या जाळीवरून पंखा हवा ढकलतो आणि ती गरम होऊन काचेवर किंवा पायांवर येते. म्हणजे हीटरला वेगळे इंधन लागत नाही, वाया जाणारी उष्णताच कामाला येते. फार पूर्वीच्या मोटारींत धुराच्या नळीची ऊब घेत असत. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ सालच्या गाड्यांत बाहेरची हवा आत घेऊन, गाळून, गरम पाण्याच्या जाळीवरून सोडण्याची पद्धत आणली. आजच्या गाड्यांत मुळात तीच आहे.

आपल्या भागात अजून जुन्या जीपा, मारुती ८००, एखादी अॅम्बॅसडर जपून वापरणारी घरे पुष्कळ आहेत. मारुती ८०० आणि अॅम्बॅसडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. तेव्हा जे दारात आहे ते नीट राखणे भाग आहे. पुढील माहिती अशाच गाड्यांसाठी आहे.

आधी पाणी, मग सुई, मग नळ्या

गॅरेजला गेल्याबरोबर "हीटरची जाळी गेली" असे ऐकून परत येणारे सभासद आम्हाला भेटले आहेत. जाळी बदलायची म्हणजे बहुतेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो. मजुरी मोठी, आणि खोललेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा बसेल याची खात्री नाही. म्हणून घरच्या घरी, पैसा न खर्चता, क्रमाने तपासावे. क्रम मोडू नये.

सकाळी, रात्रभर उभी राहून गाडी पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून पाणी बघावे. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे असते. आत दाब धरून ठेवल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. दाब असताना झाकण फिरवले तर ते सगळे पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. फडके धरून, हळूच, थोडेसेच, असल्या युक्त्यांनी हात-तोंड भाजून घेतलेली माणसे आपल्या गावातही आहेत.

बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी दिसते म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असे समजू नये. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर बाटलीतले पाणी परत आत ओढले जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिता, असा प्रकार जुन्या गाड्यांत सर्रास दिसतो. हीटरच्या फांदीला पाण्याची कमतरता सगळ्यात आधी जाणवते, जसे पाटाचे पाणी कमी झाले की शेवटच्या सरीला पोचत नाही. पाणी कमी आढळले तर नुसते भरून मोकळे होऊ नये. ते गेले कुठे, हे शोधावे लागेल. त्याकडे पुढे येतो.

पाणी भरलेले असेल तर दुसरी पायरी, सुई. इंजिन गार असताना चालू करावे आणि रोजच्यासारखी गाडी चालवून तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. सहा-सात मैल गेल्यावरही काटा पाव भागाच्या वर सरकत नसेल, तर इंजिनच गार चालले आहे, मग हीटर बिचारा काय करणार?

काटा नेहमीच्या जागी, मध्याच्या आसपास येत असेल तर तिसरी पायरी. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चांगले तापू द्यावे, मग इंजिन बंद करून बॉनेट उघडावे. इंजिनाकडून केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन बोटभर जाडीच्या नळ्या शोधाव्यात. हातावर फडके घेऊन दोन्ही चाचपाव्यात. गळ्यातला टॉवेल, उपरणे, ओढणी आधी काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

आता नळ्या काय सांगतात ते बघा. दोन्ही सारख्याच कढत असतील तर पाणी जाळीतून नीट फिरते आहे, दोष हवेच्या बाजूला आहे. एक कढत आणि दुसरी गार असेल तर पाणी मध्येच अडते आहे. वाटेतला नळ बंद असेल, जाळी तुंबली असेल किंवा आत हवा अडकली असेल. दोन्ही कोमट असतील तर पाणी पुरेसे तापतच नाही, किंवा पंप ते ढकलत नाही. ही एवढी चाचणी केली तरी निम्मे काम झाले. गॅरेजमध्ये गेल्यावर "हीटर चालत नाही" असे न सांगता "एक नळी गरम, एक गार आहे" असे सांगावे. मेस्त्रीलाही कळते की समोरचा माणूस बघून आला आहे.

वॉल्व्ह काढून टाकण्याची खोड

इंजिन गार चालण्याचे आपल्याकडचे पहिले कारण म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व्ह. आणि त्यातही तो बिघडलेला असण्यापेक्षा जागेवर नसल्याचेच जास्त आढळते.

हा वॉल्व्ह म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे. त्याच्या पोटात मेण भरलेले असते. पाणी गार असेपर्यंत दरवाजा बंद राहतो आणि पाणी इंजिनातच घुमते, त्यामुळे इंजिन लवकर तापते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते, दरवाजा ढकलला जातो व पाणी पुढच्या रेडिएटरकडे सुटते. पुष्कळ गाड्यांत हे तापमान ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान असते आणि वॉल्व्हवर तो आकडा कोरलेला असतो.

गाडी तापू लागली की आपल्याकडे एक जुना उपाय आहे, "वॉल्व्ह काढून टाका, आपल्या हवेत काय गरज न्हाई." कोडोलीजवळच्या एका वस्तीवरच्या आबांची जुनी डिझेल जीप आम्ही पाहिली. हीटर कोमट, काटा कायम खाली, आणि डिझेल पूर्वीपेक्षा जास्त. "आबा, वॉल्व्ह आहे का जागेवर?" असे विचारल्यावर म्हणाले, "दोन वर्षांमागं काढलाय की. तवापासनं गाडी तापत न्हाई." मग नवा वॉल्व्ह बसवला. हीटर मिनिटांत कढत झाला, पण जोतिबाच्या चढाला काटा लाल रेषेकडे गेला. तेव्हा खरे दुखणे कळले. पुढचा रेडिएटर निम्मा तुंबलेला होता. वॉल्व्ह काढल्यामुळे पाणी सतत फिरत राहिले आणि ते दुखणे दोन वर्षे झाकून राहिले, एवढेच. रेडिएटर साफ केल्यावर काटाही जागेवर आणि हीटरही गरम. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर फेकून द्यावे, तसा तो उपाय होता.

वॉल्व्हशिवाय इंजिन सदा अर्धे गार राहते. गार सिलिंडरमध्ये इंधन पुरते जळत नाही, ते खाली ऑईलमध्ये उतरून ऑईल पातळ करते. आतला ओलावा उडून जात नाही, रिंगा लवकर झिजतात. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तर इंजिन अजून गारच आहे असे समजून यंत्रणा जादा पेट्रोल सोडत राहते. शिवाय काही इंजिनांत वॉल्व्ह उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला तर पाणी आडवाटेनेच घुमते, रेडिएटरकडे कमी जाते, आणि गाडी उलट जास्त तापते.

वॉल्व्ह जागेवर आहे पण उघडाच अडकला आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. गार इंजिन चालू करून रेडिएटरकडे जाणारी वरची मोठी नळी चाचपावी. पहिली काही मिनिटे ती गार राहून मग एकदम तापली पाहिजे. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली तर वॉल्व्ह उघडा आहे असे समजावे. काही गाड्यांत वॉल्व्ह खालच्या नळीच्या बाजूस असतो, तिथे ती बघावी. वॉल्व्ह बाहेर काढला असेल तर पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने मध्ये टांगावा, बुडाला टेकू देऊ नये, आणि चुलीवर तापवावे. जवळ थर्मामीटर असेल तर कोरलेल्या आकड्याच्या आसपास दरवाजा हलू लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. पाणी उकळू लागले तरी ढिम्म हलत नसेल, किंवा गार असतानाच उघडा दिसत असेल, तर तो टाकून नवा आणावा. किंमत शेकड्यांत असते. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि वॉल्व्हवर बारीक भोक व त्यात हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवावी. त्या भोकातून अडकलेली हवा निघून जाते. हे पातेले पुन्हा स्वयंपाकात वापरू नये, नाहीतर घरात वेगळाच हीटर चालू होईल.

बोअरचे पाणी आणि चुना

एक नळी कढत, एक गार, आणि वाटेतला नळ मात्र उघडा, म्हणजे जाळी तुंबली असण्याचा संभव फार. तुंबते कशाने? हे आपल्या सभासदांना कारखान्यातलेच उदाहरण देऊन सांगता येईल. गळीत हंगामात उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत आतून क्षारांची पुटे चढतात. पूट चढले की वाफेची उष्णता रसापर्यंत पोचत नाही, वाफ जास्त लागते, गाळप मंदावते. म्हणून ठराविक दिवसांनी ती भांडी बंद ठेवून सोड्याने उकळून, ब्रश मारून साफ करावी लागतात. ठिबकच्या ड्रीपरचे तोंड बंद होते तेही याच क्षारांनी. मग गाडीत बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतले तर वेगळे काय होणार? पुढच्या रेडिएटरपेक्षा हीटरच्या जाळीच्या नळ्या बारीक, तिथे वेग कमी, आणि पावसाळा सोडला तर नळ बंद. गाळ बसायला याहून चांगली जागा नाही.

त्यात भर आपल्या घरगुती उपायांची. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकायची युक्ती ड्रायव्हर लोकांत फार जुनी आहे. वाटेत अडकल्यावर घर गाठायला ती उपयोगी पडते, हे आम्हीही नाकारत नाही. पण ती हळद गळतीच्या भोकाबरोबर जाळीच्या नळ्याही लिंपते. घरी पोचल्यावर पाणी काढून, धुऊन, गळतीची खरी दुरुस्ती करून घ्यावी. सांगलीची हळद आमटीतच शोभते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पुड्यांचेही तेच.

जाळी धुण्याची रीत अशी. इंजिन गार असताना दोन्ही नळ्यांच्या क्लिपा सैल करून नळ्या इंजिनाकडच्या टोकाला सोडवाव्यात, केबिनच्या पत्र्याजवळ नाही. तिथले जाळीचे तोंड नाजूक असते, नळी चिकटली असेल आणि जोराने ओढली तर तेच मोडून हातात येते. नळी फारच चिकटली असेल तर ती उभी चिरावी आणि नवी घालावी. मग बागेच्या साध्या पाईपने, पाण्याचा जोर बेताचा ठेवून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडावे. सर्व्हिसिंगचा किंवा फवारणीचा पंप लावू नये, जाळी फुटेल. तांबूस, गढूळ पाणी येईल. ते स्वच्छ झाले की एकदा सुलट, पुन्हा एकदा उलट.

एवढ्याने प्रवाह मोकळा झाला नाही तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरावे. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम विरघळवून ते जाळीत भरावे, अर्धा तास ठेवावे आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढावे. आम्ल आत राहता कामा नये. आणि येथे एक ताकीद द्यावीशी वाटते. ठिबक धुण्यासाठी घरात आणून ठेवलेले हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल यासाठी मुळीच वापरू नये. ठिबक प्लॅस्टिकचे असते, गाडीची जाळी पुष्कळदा अॅल्युमिनियमची. ते आम्ल चुन्याबरोबर जाळीही खाते.

स्वच्छ केल्यावर पुन्हा बोअरचे पाणी ओतले तर सगळी मेहनत वाया. बॅटरीत घालतो तसले शुद्ध पाणी आणि कुलंट यांचे मिश्रण घालावे, किंवा तयार मिश्रण आणावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असे विचारतात. गोठण्यासाठी नव्हे, गंज आणि पूट धरू नये व पाणी उशिरा उकळावे म्हणून तो घालायचा. तिसरा हिस्सा ते निम्मा कुलंट आपल्याला पुरतो. हिरवा, लाल, निळा हे नुसते रंग आहेत, रंगावरून जात ओळखता येत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेली जात घ्यावी आणि दोन जाती एकत्र करू नयेत.

पाणी भरताना आत हवा अडकते हे लक्षात ठेवावे. डॅशबोर्डमागून खळखळ आवाज येतो, गाडी रेस केली की हीटर गरम आणि सोडली की गार, ही त्याची लक्षणे. गाडी चढावर, नाक वर करून उभी करावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, गार इंजिनावर झाकण काढून मग इंजिन चालू करावे आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत पाणी घालत राहावे. पाणी तापून वर यायला लागण्याआधी झाकण लावावे. हवा निघूनही रेसवरच गरम होत असेल तर वॉटर पंप झिजला आहे किंवा त्याचा पट्टा सैल आहे, हे काम मेस्त्रीचे.

दोन्ही नळ्या कढत असतील तर

मग काम किरकोळ. गरम-गार करणारी कळ फिरवताना हाताला काहीच ओझे लागत नसेल तर आतली केबल निसटली आहे. ती बहुधा पायाकडून हात घालून परत अडकवता येते. पंखा फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळाला आहे, मुळीच चालत नसेल तर आधी फ्यूज बघावा. आणि काचेखालची जाळी उघडून बघावी, जिथून बाहेरची हवा आत येते. उसाच्या फडात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिथे पाचटाचा चुरा आणि उंदराचे घरटे सापडते. आम्हाला एकदा शेंगांच्या टरफलांसकट सापडले आहे.

पाणी जाते कुठे?

पाणी वरचेवर कमी होत असेल तर क्लिपा, नळ्या, पंपाखालची ओल बघावी. डाव्या बाजूच्या पायाखालचे मॅट ओले, गाडीत गोडसर वास आणि काचेवर पुसली तरी न जाणारी तेलकट साय, ही हीटरची जाळीच गळत असल्याची खूण आहे. अशा वेळी पुष्कळ मेस्त्री दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर वगळून टाकतात. हंगामात गाडी अडून राहू नये म्हणून तात्पुरते ठीक. पण पावसाळ्यापूर्वी जाळी बदलावी. कोल्हापूरच्या उद्यमनगराची कीर्ती ऑईल इंजिनांवर वाढली, म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहेत. तांब्या-पितळेची जुनी जाळी डाग देऊन दुरुस्त करणारे कारागीर तिथे विचारले तर सापडतात.

गळालेल्या कुलंटबद्दल पशुधन असलेल्या घरांनी विशेष काळजी घ्यावी. तो चवीला गोड असतो आणि विषारी असतो. कुत्रे, वासरू, लहान मूल चाटते, आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी होतात. धुतलेले पाणी गोठ्याकडच्या गटारीत किंवा पाटात सोडू नये. डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजला द्यावे. जनावराने प्यायल्याचा संशय आला तरी वाट न बघता डॉक्टरांना बोलवावे.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पाणी कमी होते, सायलेन्सरमधून तापल्यावरही पांढरा धूर येतो, ऑईलच्या झाकणाखाली ताकासारखी साय दिसते किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तर हेडचे गॅस्केट गेले आहे. गाडी तिथेच थांबवावी. "कारखान्यावर एवढी खेप टाकतो आणि मग बघतो" म्हणून पुढे नेले तर हेड वाकते आणि शेकड्यांचा खर्च हजारांवर जातो. हे ट्रॅक्टरलाही शब्दशः लागू आहे. ट्रॅक्टरला हीटर नसतो, त्यामुळे तो आधी सूचना देत नाही. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हंगामाआधी पाणी, वॉल्व्ह आणि पट्टा याच रीतीने तपासून घ्यावा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला चिकटलेले पाचट रोज झाडावे.

यातली कोणतीही तपासणी इंजिन चालू ठेवून करायची तर गाडी उघड्यावर आणावी. बंद शेडमध्ये धूर साचतो, त्यातल्या विषारी वायूला रंग-वास नसतो. थंडीत कारखान्याच्या आवारात गाडीच्या काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपण्याचा प्रकारही याच कारणाने टाळावा.

हीटर दुरुस्त झाल्यावर पावसात तो वापरायचा कसा, तेही सांगतो. श्वासातला ओलावा गार काचेवर दव धरतो. काच उबदार केली आणि आतली हवा कोरडी केली की दव जाते. कळ काचेकडे, हीटर गरमवर, पंखा मोठा, आणि आतलीच हवा फिरवणारी खिट्टी बंद ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी. गाडीला ए.सी. असेल तर हीटरबरोबरच तोही लावावा. ए.सी. हवेतले पाणी काढून घेतो, हीटर तीच हवा गरम करतो, आणि काच एक-दोन मिनिटांत स्वच्छ होते. ए.सी. नसेल तर मागची काच बोटभर खाली ठेवावी, आणि ओल्या छत्र्या व इरली आत न घेता डिकीत टाकावीत.